पाचवी जोडी

दत्ताभावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजीच्या गाडीपाशी उभी होते, आणि माझ्या पायांत त्यांच्याच दुकानातली, कुणी न घेतलेली चप्पल होती. फोन उमाचा होता. उमा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. "काकू, बाबा..." एवढंच म्हणाली आणि पुढं नुसता गाड्यांचा आवाज येत राहिला. मी हातातल्या शेवग्याच्या शेंगा खाली ठेवल्या. भाजीवाली म्हणाली, "काय झालं अम्मा, शेंगा जून निघाल्या का?" मी म्हटलं, "शेंगा चांगल्या आहेत. माझे दीर गेले." असं सरळ सांगितलं की माणसं दचकतात. पण दुसरं कसं सांगतात ते मला माहीत नाही.

भावजींचं अण्णा नगरात पुरुषांच्या कपड्यांचं आणि चपलांचं लहानसं दुकान आहे, आणि दुकानाच्या वरच घर. त्या सकाळी ते उन्हाळ्याच्या नव्या सदऱ्यांपैकी एक इस्त्री करून काचेत लावत होते. मध्येच स्टुलावर बसले आणि मुरुगेसनकडे पाणी मागितलं. मुरुगेसन हा दुकानातला सगळ्यांत जुना माणूस. तो पाणी घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. काही त्रास झाला नाही, असं जो तो सांगत होता. ज्याला झाला असेल तो सांगायला नाही... पण चेहरा शांत होता, तो मी पाहिला.

मी पोचले तेव्हा जिना चपलांनी भरून गेला होता. माझ्या सासूबाई म्हणायच्या, माणूस कसा होता ते मयताच्या दिवशी त्याच्या दारातल्या चपला सांगतात. तसं असेल तर भावजी मोठाच माणूस म्हणायचे. शेजारी, शिंपी, इस्त्रीवाला, बँकेतले लोक, गिऱ्हाइकं. मी माझी जोडी कठड्याच्या कडेला काढून वर गेले. दुपारी पुरुषमंडळी त्यांना घेऊन गेली. बायकांचं आवरल्यावर मी खाली आले, तर माझी जोडी जाग्यावर नव्हती. गडबडीत कुणीतरी पुरुष पाय सरकवून निघून गेला होता. उमाची एक मैत्रीण जिन्यात उभी होती. ती म्हणाली, "काय शोधताय मावशी? कशी होती चप्पल? मी बघते." आता कशी होती ते सांगायचं म्हणजे पुरुषी होती, तपकिरी होती, नऊ नंबरची होती, असं त्या कोवळ्या पोरीला सांगायचं. मी म्हटलं, "काही नाही ग. मी अनवाणीच आले होते."

आणि अनवाणी घरी गेले. घर फार लांब नाही, पण चेन्नईत डांबर तापायला उन्हाळा लागत नाही. पायाला फोड आले. आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी गॅलरीतून पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत गोष्ट पसरली की दिरासाठी ही बाई भर उन्हात अनवाणी धावत गेली आणि तशीच परत आली. मराठी मंडळातल्या एका बाईंनी तर माझा हात हातात घेऊन म्हटलं, "आजकाल इतकी माया कुठं राहिलीय हो!" मी हात सोडवून घेतला. चपलेची लाज वाटली म्हणून मी अनवाणी चालले होते, आणि लोक त्याला माया म्हणत होते. मंडळाच्या अंकाच्या पुरवणीत हे लिहायचं एक कारण तेही आहे. ती माया नव्हती. ज्यांनी ज्यांनी माझी वाखाणणी केली त्यांनी ती परत घ्यावी.

माझ्या पायांची गोष्ट माझ्या लग्नापासूनची आहे. मिरजेजवळच्या आमच्या खेड्यात लग्न झालं. मी चौथी शिकलेली, हाडापेरानं मोठी आणि पाय बापाच्या पायाएवढे. बायकी माप मला कधी बसलंच नाही, म्हणून गावात चप्पल करणाऱ्यानं मला गड्यांच्या घाटाची कोल्हापुरी करून दिली होती. मुलाकडची मंडळी मद्रासहून आलेली. सासरे तिकडं नोकरीला होते, तिथंच राहिलेले. नवरा मुलगा बांध्यानं लहान, पायही लहान. आमच्यात मेव्हणी नवरदेवाच्या चपला लपवते आणि त्या परत देताना काहीतरी उकळते. माझ्या धाकट्या बहिणीनं मांडवाच्या दारातल्या ढिगातून सगळ्यांत मोठी, गोंड्याची जोडी उचलली आणि धान्याच्या कणगीमागे दडवली. वाटाघाट करायला नवरदेवाचा धाकटा भाऊ आला, तेच हे दत्ताभावजी. मिसरूड फुटलेलं, तोंड एक क्षण बंद नसायचं. बरीच घासाघीस झाल्यावर बहिणीनं विजयानं जोडी बाहेर काढली, तर नवरदेव म्हणतो, "ही माझी नाही. माझी ही काय इथं." बहीण ओरडली, "अगं बाई, ही तर आक्काची!"

मग भावजींनी दोन्ही जोड्यांतली एकेक चप्पल घेतली, तळाला तळ लावला आणि भर मांडवात हात उंच करून दाखवलं. "दादा, वहिनी तुझ्यापेक्षा दोन बोटं पुढं आहेत. जपून राहा रे बाबा!" मांडव हसला. भटजी हसले. माझा बापसुद्धा हसला. मी मांडीवर पडलेल्या अक्षता मोजल्यासारख्या बघत बसले आणि पाय पातळाच्या काठाखाली ओढून घेतले. ते तेव्हा आत घेतले ते घेतलेच. तेव्हापासून मी साडी बोटभर खालीच नेसते. काठ झिजतात, त्याला इलाज नाही.

मद्रासला आल्यावरही तेच. बायकांच्या दुकानात माझं माप मिळेना. पुरुषांच्या दुकानात मी यांना पुढं करायची. माझ्या नवऱ्याला लहान नंबर लागायचा, पण दुकानात ते मोठा मागायचे आणि पायात घालून न बघताच घेऊन यायचे. त्याबद्दल त्यांनी मला कधी एक शब्द ऐकवला नाही, हे त्यांचं मला मान्य आहे. देवळात चपला ठेवायच्या जागी बसलेला माणूस परत देताना विचारायचा, "सार कुठं आहेत?" इथं साहेबांना सार म्हणतात. मी म्हणायची, "येतायत मागून." हे गेल्यानंतरही कितीतरी वर्षं मी तेच म्हणत आले. मेलेला नवरा मागून येतोय, असं देवाच्या दारात सांगत आले, एका चपलेपायी.

भावजी आधी तयार कपडे परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत होते. मग नोकरी सोडून त्यांनी हे दुकान काढलं. मी विचारलं होतं, "नुसतं पुरुषांचंच का? बायका जास्त घेतात." तर म्हणाले, "बायकांना कापडातलं कळतं, वहिनी. पुरुषांना फसवणं सोपं." फसवलं मात्र त्यांनी कुणाला नाही. मोठ्या दुकानांतून असतो तसला माल ते ठेवत नसत. स्वतः कापड निवडायचे, इथल्याच शिंप्यांकडून शिवून घ्यायचे, आणि चपला आंबूरच्या सेल्वम नावाच्या कारागिराकडून यायच्या. दरवर्षी उन्हाळ्याचा नवा माल काढायचे. ते त्याला समर कलेक्शन म्हणायचे, मी उन्हाळी माल म्हणायची. विकायच्या आधी प्रत्येक नग स्वतःच्या अंगावर चढवून ते दुपारी बस थांब्यावर जाऊन उभे राहायचे. बस पकडायची नसायची. घाम कुठं धरतो, रंग कुठं उतरतो, पट्टा कुठं टोचतो, ते बघायचं असायचं. सत्तरीचा माणूस, कैरीच्या रंगाचा सदरा, गुडघ्यावर अर्धी चड्डी आणि पायांत नव्या सँडल... मी समोरून येताना दिसले की हात वर करून हाका मारायचे, "वहिनी! ओ वहिनी! बघा कसा दिसतोय!" मी रस्ता ओलांडून पलीकडून जायची. त्यांची बायको सुमन लवकर गेली, उमा अर्धी माझ्याच घरी वाढली. तिला मी म्हणायची, "तुझ्या बापाला कुणीतरी घरी आणा ग, बसवाले गोळा करून नेतील."

नवा माल बाहेर यायचा तो गुढीपाडव्याला. सकाळी दुकानाच्या दारात गुढी, आत पुरणपोळी आणि फिल्टर कॉफी, आणि मग एकेक वस्तू पुढं यायची. तीनदा धुऊन मऊ केलेलं लिनन, अर्ध्या बाह्यांचे सैल सदरे, ताकाच्या रंगाचे, भिजवलेल्या मुगाच्या रंगाचे. कडेला खिसा लावलेली वेष्टी, म्हणजे इथली पांढरी लुंगी. सदऱ्यांची बटणं मी घरी लावून द्यायची, त्यामुळं मला बोलायचा हक्क आहे असं मी धरून चालायची. "हा सदरा आहे की खिडकीचा पडदा?" "ह्या रंगात माणूस आजारी दिसेल." "खिसा एवढा खोल कशाला, हात घालून झोपायचंय का?" भावजी ऐकून घ्यायचे. कधी कधी बदलायचेही.

चपलांच्या मांडणीवर दरवर्षी पाच जोड्या असायच्या. चार चांगल्या. पोरांना आवडतील अशा, बारीक पट्ट्यांच्या, हलक्या. आणि पाचवी... पाचवी दरवर्षी बिघडलेली. पुढं पसरट, अंगठ्याच्या हाडापाशी फुगवलेली, तिथंच आतून मऊ गादी, टाचेमागं पट्टा, रंग तपकिरी. मी ती उचलून सगळ्यांना दाखवायची. "भावजी, ही कुणासाठी केलीत? मारुतीच्या देवळात वाहायला?" गिऱ्हाइकं हसायची. मुरुगेसन खाली मान घालून सदऱ्यांच्या घड्या घालायचा. भावजी म्हणायचे, "नाही खपली तर तुम्ही आहात की, वहिनी." आणि ती खपायची नाहीच. पाडव्याची गर्दी ओसरली की पिशवीत घालून घरी आणून द्यायचे. "पडून राहिलीय. तुम्ही वापरून टाका. जुनी द्या इकडं, मी टाकून देतो." मी घ्यायची. मला वाटायचं, मी त्यांच्यावर उपकार करतेय. चांगला माल वाया जाऊ नये म्हणून वापरतेय. चारचौघांत सांगायची, "माझे दीर दरवर्षी एक चूक करतात आणि ती मी पायात घालते." हे वाक्य मला इतकं आवडायचं की मी ते मंडळाच्या हळदीकुंकवातसुद्धा सांगितलंय. त्यावरही बायका हसल्या होत्या.

शेवटचे भेटले ते संक्रांतीला. तिळगूळ घेऊन आले, उमाच्या नोकरीबद्दल बोलले. ती सिरुसेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, सकाळी जाते ती दिवेलागणीलाच परत. म्हणाले, "माझ्यामागं दुकान कोण बघणार?" मी म्हटलं, "बंद पडेल. त्यात काय." ते हसले. निघताना दारात वाकले, माझी चप्पल उचलून उलटी केली आणि तळाला अंगठा लावून बघितलं. ही त्यांची सवयच होती, कुणाच्याही दारात करायचे, धंद्याची खोड म्हणून मी सोडून द्यायची. म्हणाले, "उजवी आतल्या बाजूनं जास्त झिजतेय, वहिनी. गुडघा दुखतो का?" मी म्हटलं, "झिजणारच. तुमचा मालच तसला." तेच आमचं शेवटचं बोलणं. गुडघा दुखत होता, पण ते सांगितलं नाही.

तेरावं झाल्यावर उमानं ठरवलं की निदान हा उन्हाळा तरी दुकान चालवायचं. सदरे शिवून आलेले, चपलांचे नमुने तयार. तिनं रजा टाकली आणि मला बोलावलं. "काकू, बाबा नेहमी तुम्हालाच दाखवायचे. तुम्ही खरं काय ते सांगा." मी गेले. पायात माझ्या मुलाची रबरी स्लीपर होती, अंघोळीला जायची. माझी जोडी त्या दिवशी गेली ती गेलीच होती. दुसरी मागायची कुणाकडं? भावजी कधी मागू देत नव्हते, आपण होऊन यायची...

दुकानात त्या वेळी तीन-चार गिऱ्हाइकं होती. सेल्वम आंबूरहून पिशवी घेऊन आलेला, कोपऱ्यात उभा. मी सदरे बघितले. चांगले होते. एकाची कॉलर मोठी होती, ते सांगितलं. चपला बघितल्या. मग आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आणि हे बघ उमा, ती पाचवी आता बंद कर. तुझ्या बापाचा हट्ट होता तो. एवढ्या वर्षांत एका माणसानं घेतली नाही. अशानं दुकान चालत नसतं."

मुरुगेसननं घडी घातलेला सदरा उलगडला आणि पुन्हा घडी घालायला लागला. उमा माझ्याकडं बघत राहिली. "काकू, खरंच बंद करू?"

"अगं, जे खपत नाही ते कशाला करायचं?"

तेव्हा सेल्वम पुढं आला. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण केस पांढरे. मला तो अण्णी म्हणतो. तमिळमध्ये थोरल्या भावजयीला अण्णी म्हणतात. त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती, काळजीच होती. तो म्हणाला, "मग तुम्ही पायात काय घालणार, अण्णी?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

त्यानं उमाकडं बघितलं, मुरुगेसनकडं बघितलं, आणि बहुतेक त्याच्या ध्यानात आलं की मला माहीत नाही. पण तोवर पिशवीतून त्यानं दोन लाकडी पाय बाहेर काढून टेबलावर ठेवलेही होते. चप्पल ज्याच्यावर बेततात ते साचे. मोठे, रुंद. दोन्हींच्या अंगठ्याच्या हाडापाशी चामड्याचे तुकडे एकावर एक चिकटवलेले, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. सेल्वम हळू आवाजात म्हणाला, "सार दरवर्षी तुमची जुनी जोडी पाठवायचे. तळ कुठं दबलाय ते बघून आम्ही एक थर वाढवायचो. हाड दरवर्षी थोडं बाहेर येतंय ना... ही जोडी विकायची कधी नव्हतीच, अण्णी. एकच करतो आम्ही, तुमच्यापुरती."

माझे पाय तिथं टेबलावर होते. पातळाच्या काठाखाली मी जे सगळा जन्म झाकले ते, कुरूप उंचवट्यासकट, सदऱ्यांच्या मध्ये, परक्या पुरुषांच्या समोर. पायातली रबरी स्लीपर मी साडीखाली ओढून घेतली, जसं काही आता झाकायला काही उरलं होतं.

मी उमाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मी शाळेत होते तेव्हापासून, काकू."

"आणि तुला, मुरुगेसन?"

"सगळ्यांना, अम्मा," तो खाली बघत म्हणाला. "सारनी सांगून ठेवलं होतं, गिऱ्हाइकानं विचारलं तर त्याच्या मापाची नाही म्हणायचं. आणि अम्मांच्या समोर हसायचं नाही."

"पण गिऱ्हाइकं तर हसायची."

इतकी वर्षं मला वाटत आलं की मी ती चप्पल उचलून दाखवते तेव्हा लोक भावजींना हसतात. मारुतीच्या देवळात वाहायला, म्हणायची मी. स्वतःचीच चप्पल हातात घेऊन...

मी घरी आले. खरं सांगायचं तर मला गहिवरून वगैरे आलं नाही. राग आला. मेलेल्या माणसाचा राग आला. एका शब्दानं सांगता येत होतं, वहिनी ही तुमच्यासाठी केलीय. मग ध्यानात आलं की त्यांनी तसं सांगितलं असतं तर मी ती त्यांच्या अंगावर फेकली असती. मांडवात तळाला तळ लावून दाखवणाऱ्यानं पुन्हा माझ्या मापाचं नाव काढावं? ते त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी दरवर्षी दुकानभर लोकांसमोर वेडा व्यापारी व्हायचं पत्करलं, आणि मी त्यांना तसं म्हणत राहिले. मांडवातल्या हसण्याची भरपाई म्हणून त्यांनी हे केलं का, मला माहीत नाही. तसं काही त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. आणि विचारावं असं माझ्या मनात कधी आलं नाही, कारण मला कधी काही दिसलंच नाही. पायांवर साडी ओढून बसलेल्या बाईला दुसरं काय दिसणार?

पुढचे दिवस मी दुकानाकडं फिरकले नाही. दूध आणायला रबरी स्लीपर घालून जायची. गुडघा जास्त दुखायला लागला. मुलगा इरुंगाट्टुकोट्टैला मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. तो म्हणाला, "आई, चल, मॉलमध्ये घेऊन देतो, लेडीजमध्ये आता सगळे नंबर मिळतात." मी म्हटलं, "मला नको." त्याला वाटलं, म्हातारी दिराच्या दुःखात आहे. हे एक बरं असतं. घरात मयत झालं की म्हातारीच्या सगळ्या वागण्याला दुःख म्हणतात.

पाडवा आला. यंदा गुढी नाही, पोळी नाही, वर्ष दुखवट्याचं. पण माल मांडायचा होता. मी न बोलावता गेले. दार उघडं होतं. काचेत तो सदरा होता, भावजींनी शेवटचा लावलेला, ताकाच्या रंगाचा. माझ्या हातची बटणं. आत चपलांची मांडणी केलेली. चार जोड्या, आणि पाचवीची जागा रिकामी. उमानं तिथं दुसरं काही ठेवलं नव्हतं. एक पाऊच नाही, मोजे नाहीत, काही नाही.

दुकानात एक तरुण होता, मराठी बोलणारा, पुण्याकडचा वाटला. चपला बघत होता. बाकी मुरुगेसन आणि उमा. मी म्हटलं, "उमा, पाचवी कुठाय?"

"तुम्हीच बंद करायला सांगितलं होतं, काकू."

"मी दरवर्षीच सांगते. तुझ्या बापानं ऐकलं का कधी?"

ती हसली, आणि मग तिचे डोळे भरले, आणि मी तिला म्हटलं, रडू नको, गिऱ्हाईक आहे. तिनं सेल्वमला फोन लावला. तो पलीकडून बोलत होता आणि ती मला सांगत होती. "काकू, तो म्हणतो, जुनी जोडी पाठवा. तळ बघितल्याशिवाय यंदा किती सोडायचं ते कळणार नाही."

"जुनी नाही."

"म्हणजे?"

मग मी सांगितलं. तुझ्या जिन्यातून कुणीतरी घालून नेली. विचारायची लाज वाटली. म्हणून अनवाणी गेले. माया वगैरे काही नव्हती, सगळं खोटं आहे. उमा ऐकत राहिली. मुरुगेसनही. तो पुण्याकडचा पोरगासुद्धा चपला बघायचं सोडून ऐकत होता. ऐकू दे म्हटलं.

फोनवर सेल्वम म्हणाला, मग कागदावर पाय ठेवून आकार काढून पाठवा. मुरुगेसननं कपडे गुंडाळायचा खाकी कागद जमिनीवर पसरला. उमा पेन्सिल घेऊन खाली बसली. भावजींचं ते स्टूल मुरुगेसननं माझ्यासाठी पुढं सरकवलं. मी बसले. स्लीपर काढली. आणि साडी घोट्याच्या वर धरून, भर दुकानात, दार उघडं असताना, पाय कागदावर ठेवला. पेन्सिल टाचेपासून निघाली. अंगठ्याच्या हाडापाशी येऊन उमाचा हात थांबला, मग ती हळूच वळसा घेऊन पुढं गेली. मला वाटलं होतं मी मरेन. मेले नाही. गुदगुल्या झाल्या.

तो पोरगा बघत होता. म्हणाला, "किती नंबर, मावशी?"

"नऊ."

"माझाही नऊच."

"मग तुझ्यासाठी त्या चारांतली बघ," मी म्हटलं. "पाचवी माझी आहे."

चप्पल अजून आलेली नाही. सेल्वम म्हणतो, यंदा हाडानं बरीच जागा मागितलीय, घाई करू नका. मी रोज दुपारी दुकानात जाऊन त्या स्टुलावर बसते, बटणं लावते. मांडणीवर चार जोड्या आहेत आणि पाचवी जागा रिकामी. लोक विचारतात, इथं काय होतं? मुरुगेसन आता माझ्याकडं बोट दाखवतो. दाखवू दे.